जिभेखालचे थेंब घ्यावेत का? आधी बाटलीत काय आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१, राहायला चिंचवडला, सहा वर्षांपासून सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस शिंका, नाकातून पाण्याची धार, डोळे आणि टाळू खाजते, रात्री नाक चोंदतं. रोज रात्री लेव्होसेट्रिझिन-मॉन्टेलुकास्टची एकत्र गोळी चालू आहे, बंद केली की दोन-तीन दिवसात सगळं परत सुरू. आता डॉक्टरांनी रक्ताची ॲलर्जी टेस्ट करून जिभेखाली घ्यायचे थेंब लिहून दिलेत, तीन वर्षं घ्या म्हणाले. बाटलीवर अकरा गोष्टींची नावं आहेत. विचारणं असं की याने खरंच फरक पडतो का, हे होमिओपथीसारखंच काहीतरी आहे का, साइड इफेक्ट काय, आणि वर्षभरात बाळाचा विचार आहे तर आत्ता सुरू करावं का.

मी पुण्यात कान-नाक-घसा बघते, वीसेक वर्षं झाली, आणि त्यातली बरीच वर्षं ॲलर्जीचे पेशंट जास्त. त्यामुळे जरा लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी सरळ उत्तर. हो, जिभेखालची इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याची ॲलर्जी त्याचीच शरीराला हळूहळू सवय लावणं, काम करते, आणि नाकाच्या ॲलर्जीत मुळावर जाणारा उपाय हाच, एक इंजेक्शनच्या रूपात आणि एक जिभेखाली. बाकी गोळ्या, स्प्रे हे सगळं घेतलं तोवर बरं. पण "इम्युनोथेरपी काम करते" आणि "तुमच्या हातातली ही बाटली काम करेल" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मला काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटतेय. अकरा नावं वाचली आणि तिथेच थांबले.

का ते सांगते, पण आधी हे औषध करतं काय ते समजून घ्या म्हणजे पुढचं पटेल. ॲलर्जी म्हणजे शरीर साप साप म्हणून भुई थोपटतं. घरातल्या धुळीतला एक बारीकसा किडा, माइट म्हणतात त्याला, डोळ्याला दिसत नाही, गादी-उशीत राहतो, चावत नाही, कसला रोगही पसरवत नाही, तरी शरीर त्याच्या विष्ठेतल्या प्रोटीनला शत्रू समजून आयजीई नावाची अँटीबॉडी बनवून ठेवतं. ही आयजीई नाकाच्या अस्तरातल्या मास्ट सेलवर जाऊन बसते आणि माइट आला की त्या पेशी फुटून हिस्टामिन बाहेर, की शिंका, खाज, पाणी. तुमच्या गोळीतलं लेव्होसेट्रिझिन वगैरे त्या हिस्टामिनला अडवतं. भांडण मिटत नाही, फक्त आवाज कमी येतो.

इम्युनोथेरपीत तेच प्रोटीन रोज, ठरलेल्या मात्रेत, शरीराला अशा ठिकाणी दाखवायचं जिथे ते चिडत नाही. जिभेखालची जागा त्यासाठी चांगली, कारण तिथे मास्ट सेल कमी असतात आणि ओळख करून घेणाऱ्या डेंड्रिटिक सेल भरपूर. त्या ते प्रोटीन उचलतात, जबड्याखालच्या गाठींपर्यंत नेतात, आणि हळूहळू शांत करणाऱ्या टी-रेग्युलेटरी पेशी तयार होतात, आयजीजी-४ नावाची अँटीबॉडी वाढते जी आयजीईच्या आधी जाऊन माइटला धरते. हे सगळं व्हायला महिने लागतात. आणि गंमत म्हणजे पहिल्या काही महिन्यात रक्तातली आयजीई उलट वाढू शकते, त्यामुळे सहा महिन्यांनी हौसेने परत टेस्ट करून "अहो डॉक्टर आकडा वाढला" म्हणून औषध बंद करणारे पेशंट मी बघितलेत. आकडा बघू नका, शिंका मोजा.

होमिओपथीशी याचं काही नातं नाही. तिथे विरळ करत जायचं असतं, इथे बरोबर उलट, पुरेसं प्रोटीन गेलंच पाहिजे. जिभेखाली तर इंजेक्शनच्या कितीतरी पट जास्त द्यावं लागतं, कारण बरंचसं थुंकीबरोबर गिळलंच जातं. हा मुद्दा लक्षात ठेवा, बाटलीची गोष्ट इथेच अडते.

कल्पना जुनी आहे. १९११ मध्ये लंडनला सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लेनर्ड नून या डॉक्टरने गवताच्या परागकणांचा अर्क टोचून परागाच्या ॲलर्जीच्या सर्दीवर (इंग्रजीत 'हे-फीव्हर') पहिल्यांदा उपाय केला आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला. मग कित्येक दशकं इंजेक्शनच चालली. १९८६ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने सांगितलं की १९५७ पासून या इंजेक्शनांमुळे २६ मृत्यू झालेत, तिथे एकदम कडक नियम आले, इंजेक्शन घेतल्यावर दोन तास बसायचं वगैरे, आणि त्याच वर्षी जिभेखालच्या माइटच्या थेंबांचा पहिला नीट प्लासिबो (म्हणजे औषध नसलेले, तसेच दिसणारे थेंब) ठेवून केलेला अभ्यास ब्रिटनमधूनच आला. १९९८ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कागदात या पद्धतीला मान्य पर्याय म्हणून जागा मिळाली. युरोपात २००६ पासून गवताच्या परागाची गोळी, अमेरिकेत २०१४ ला गवत आणि रॅगवीड या तिकडच्या रानटी झुडपाच्या परागाच्या गोळ्या, २०१७ ला माइटची गोळी, जपानमध्ये तर सुगी झाडाच्या परागावर २०१४ पासून थेंब आणि मग गोळी. भारतातही आता माइटची जिभेखालची गोळी मिळायला लागलीय, पण आपल्याकडे अजून जास्त चालतात ते थेंबच.

या यादीत एक गोष्ट दिसली का? गवताची गोळी, माइटची गोळी, सुगीची गोळी. प्रत्येक गोळीत एकच शत्रू. फार तर एकाच कुटुंबातले, म्हणजे माइटच्या गोळीत दोन जातीचे माइट असतात, गवताच्या एका गोळीत पाच गवतं. मोठे, हजार-हजार पेशंटचे, नीट केलेले जे अभ्यास आहेत ते बहुतेक याच गोळ्यांचे. आणि तिथली मात्रा मोजून ठरवलेली असते, प्रत्येक गोळीत सारखी.

आता अकरा गोष्टींची बाटली घ्या. एका बाटलीत अकरा अर्क घातले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अकरावा हिस्सा. माइट तुमचा खरा गुन्हेगार असेल तर त्याचं प्रोटीन जेवढं जायला हवं त्याच्या अकरावा भाग जातोय, आणि उरलेले दहा भाग अशा गोष्टींचे ज्यांच्याशी तुमचं काही भांडण नाही. वर अजून एक, जे पेशंटला सहसा कुणी सांगत नाही: बुरशी आणि झुरळाच्या अर्कात प्रोटीन तोडणारी एन्झाइम असतात, ते परागकणांच्या अर्काबरोबर एकाच बाटलीत ठेवले तर परागाचं प्रोटीन बाटलीतच तुटत जातं. म्हणजे फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली दुसऱ्या महिन्यात पहिल्या महिन्यासारखी राहत नाही. त्यात आपल्याकडे बरेच अर्क अजून वजन-आकारमानावर मोजलेले असतात, खरी ताकद किती हे लेबलवरून कळत नाही. हे सगळं एकत्र केलं की तीन वर्षं मनोभावे थेंब घेऊन काहीच फरक न पडणारे पेशंट तयार होतात आणि मग ते सगळीकडे सांगत फिरतात की थेंबांचं काही खरं नाही. त्यांचं चूक नाही, त्यांना जे मिळालं त्याचं खरंच काही खरं नव्हतं.

एक उदाहरण देते, ओळख पटणार नाही अशा बेताने. सातारच्या बाजूच्या एक शिक्षिका, पन्नाशीच्या आत. दोन वर्षं थेंब घेऊन झाले होते, बाटली बरोबर घेऊन आल्या, लेबलवर चौदा नावं. त्यात गहू होता, दही होतं, मूगडाळ होती. मी विचारलं, दही खाल्ल्यावर शिंका येतात का? म्हणाल्या, "नाही हो, पण रक्तात आलं ना, म्हणून दोन वर्षं दही बंद केलंय, ताकसुद्धा." मला खरंच वाईट वाटलं. साताऱ्याच्या बाईने दोन वर्षं ताक सोडलं आणि कशासाठी. मग बसून सगळं विचारलं. पावसाळ्यात जास्त. दिवाळीत माळा आवरताना जास्त. लोखंडी पेटीतल्या गोधड्या काढल्या की हमखास. आणि एकदा शाळेतल्या मैत्रिणींबरोबर लडाखला गेल्या होत्या, नऊ दिवस एक शिंक नाही, त्यांना वाटलं हवा चांगली म्हणून. हवा चांगली होतीच, पण तिथे इतकं कोरडं आणि थंड असतं की माइट जगतच नाही. माइटला हवेतला ओलावा लागतो, तो पाणी पीत नाही, हवेतून घेतो. म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात त्यांची चंगळ आणि कोकणात, गोव्यात तर जवळपास वर्षभर.

त्यांची प्रिक टेस्ट केली. ही टेस्ट कशी असते तेही सांगून ठेवते कारण बरेच लोक नावाने घाबरतात. हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटाच्या दिशेने बॉलपेनने आकडे घालतो, दोन आकड्यांत साधारण दोन बोटांचं अंतर, प्रत्येकापाशी एकेका अर्काचा थेंब आणि त्या थेंबातून प्लास्टिकच्या बारीक टोकाने नुसतं टोचायचं, रक्त येत नाही. एक थेंब साध्या द्रावणाचा, तो फुगला नाही पाहिजे, आणि एक हिस्टामिनचा, तो फुगलाच पाहिजे, नाहीतर टेस्ट धरायची नाही. पंधरा-वीस मिनिटं हात टेबलावर सरळ ठेवून बसायचं, खाजलं तरी खाजवायचं नाही, हे सगळ्यात अवघड. मग डास चावल्यासारख्या गांध्या येतात, त्या पट्टीने मोजायच्या, साध्या द्रावणापेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. बाईंच्या हातावर अठरापैकी दोनच उठल्या, दोन्ही माइट, एक तर चांगली दहा मिलिमीटरची, कडा वेड्यावाकड्या, आजूबाजूला लाल. गहू, दही, मूग सगळं सपाट. त्यांनी हाताकडे बघितलं आणि पहिला प्रश्न काय विचारला, "मग आज ताक पिऊ?"

त्यानंतर फक्त माइटचे थेंब चालू केले. पाचव्या महिन्यात फोन आला की सकाळच्या शिंका चार-पाचवर आल्यात. तीन वर्षं पूर्ण केली. आता पावसाळ्यात कधीतरी स्प्रे लागतो, बाकी काही नाही. सगळ्यांचं इतकं छान होत नाही, ते पुढे येतंच आहे.

तर तुमच्यासाठी पहिलं काम हे की ती अकरा नावं कुठून आली ते बघा. रक्ताच्या रिपोर्टमध्ये जे जे पॉझिटिव्ह आलं ते सगळं बाटलीत गेलंय असं मला वाटतंय. रक्तात पॉझिटिव्ह येणं म्हणजे शरीराने त्या गोष्टीची नोंद करून ठेवलीय इतकंच. त्यामुळे त्रास होतोच असं नाही. ॲलर्जी तेव्हा म्हणायची जेव्हा रिपोर्ट आणि तुमची कहाणी जुळते. आणि एकूण आयजीईचा आकडा, तो ८०० आला, १२०० आला, त्यावरून काहीच ठरत नाही, पोटात जंत असले तरी वाढतो. खाण्याच्या दोन-दोनशे पदार्थांची आयजीजी टेस्ट कुणी केली असेल तर तो कागद बाजूला ठेवा, त्याचा नाकाशी संबंध नाही.

तुमची कहाणी जेवढी लिहिलीय त्यावरून, वर्षभर त्रास, सकाळी उठल्यावर जास्त, रात्री नाक बंद, मला माइटचा दाट संशय आहे. पण अजून दोन-तीन गोष्टी स्वतःला विचारा. पावसाळा संपता संपता, ऑगस्ट ते नोव्हेंबर, घराबाहेर असताना त्रास वाढतो का? तर गाजर गवत मनात धरावं लागेल. पुण्यात आपण त्याला काँग्रेस गवतही म्हणतो, अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात, १९५५ च्या सुमारास भारतात त्याची नोंद झाली तीही पुण्यातच, आणि आता रिकामा प्लॉट दिसला की पांढऱ्या फुलांचं रान. खिडकीत किंवा एसीच्या मागे कबुतरं आहेत का, बाथरूमच्या बाजूच्या भिंतीला ओल आणि काळे डाग आहेत का, घरात मांजर आलंय का, कुठे गावाला गेल्यावर एकदम बरं वाटतं का. दोन आठवडे वहीत लिहा, किती शिंका, कुठे, कधी. मला अशी वही घेऊन आलेला पेशंट रिपोर्टच्या फाइलपेक्षा जास्त आवडतो.

आणि दुसरं, थेंबांच्याही आधी, तुम्ही नाकातला स्टेरॉइड स्प्रे कधी नीट वापरलाय का? तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन, रोज, किमान चार आठवडे. लोक स्टेरॉइड शब्दाला घाबरतात, पण नाकातून अंगात जाणारी मात्रा नगण्य असते. स्प्रे मारायची पद्धत चुकते सगळ्यांची: डोकं मागे टाकून, जोरात ओढून, मग औषध घशात आणि जिभेवर कडू. मान थोडी खाली, उजव्या नाकपुडीला डावा हात आणि डाव्या नाकपुडीला उजवा, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने जातं, मधल्या पडद्यावर फवारा बसत नाही आणि रक्त येत नाही. हलका श्वास, बस. माझ्याकडे थेंबांसाठी म्हणून येणाऱ्यांतले कितीतरी जण नुसता हात बदलल्यावर सुधारतात आणि मग तीन वर्षांच्या भानगडीत पडायची गरजच राहत नाही. मेडिकलमधून आणलेले नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब मात्र पाच दिवसांच्या वर नको, त्याने नाक उलट जास्त चोंदतं आणि त्या थेंबांशिवाय उघडतच नाही.

मॉन्टेलुकास्टबद्दलही बोलायला हवं. रोज रात्री ते घेत राहणं, हे मला आवडलेलं नाही. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने त्याच्यावर सगळ्यात कडक इशारा लावला, झोप बिघडणं, वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, आत्महत्येचे विचार यासाठी, आणि नुसत्या नाकाच्या ॲलर्जीसाठी बाकी औषधं चालत नसतील तरच द्या असं सांगितलं. सगळ्यांना होतं असं अजिबात नाही, पण तुम्हाला असं काही जाणवत असेल तर डॉक्टरांना आजच सांगा. दमा नसेल तर स्प्रे नीट सुरू करून ही जोडगोळी सोडता येते का हे त्यांच्याशी बोला.

आता समजा हे सगळं केलं, गुन्हेगार एकच निघाला, स्प्रेने पुरेसं भागत नाही किंवा आयुष्यभर स्प्रे मारायचा कंटाळा आलाय. मग इम्युनोथेरपी नक्की घ्या, मी स्वतः अशा पेशंटला आग्रहाने देते. फक्त अपेक्षा काय ठेवायची ते ऐका. गोळ्यांच्या मोठ्या अभ्यासात प्लासिबोपेक्षा त्रास साधारण २० ते ३० टक्क्यांनी कमी झालेला दिसतो. आकडा लहान वाटतो, पण तिथे दोन्ही गटांना लागेल तशी नेहमीची औषधं घ्यायची मुभा होती आणि त्यावर हा फरक आहे. घरच्या भाषेत, बऱ्याच जणांची रोजची गोळी आठवड्यातून एखाद-दुसरी होते, काहींची बंद होते, काहींना काहीच होत नाही. परिणाम जाणवायला तीन-चार महिने. वर्ष झालं आणि तिळमात्र फरक नाही तर मी बंद करते, उगीच पेशंटला ओढत नेत नाही.

तीन वर्षंच का? यावर दोन वर्षांचा प्रयोग करून झालाय. २०१७ मध्ये लंडनच्या गटाने १०६ लोकांवर केलेला अभ्यास आला, गवताची इम्युनोथेरपी दोन वर्षं देऊन तिसऱ्या वर्षी बंद केली, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी प्लासिबोत आणि त्यांच्यात काही फरक उरला नव्हता. तीन वर्षं घेतलेल्यांमध्ये मात्र औषध थांबवल्यावर पुढची दोन वर्षंही फायदा टिकलेला दिसलाय. म्हणजे दोन वर्षांनी "आता बरंय, कशाला" म्हणून सोडलं तर पैसे आणि वेळ दोन्ही पाण्यात. आणि लोक सोडतातच. नेदरलँड्समध्ये औषध दुकानांच्या नोंदी तपासल्या होत्या, २०१३ मध्ये छापून आलं, जिभेखालचं औषध सुरू केलेल्या शंभरातल्या फक्त सात जणांनी तीन वर्षं पूर्ण केली होती, इंजेक्शनवाल्यांपैकी तेवीस. शंभरात सात! मी हा आकडा प्रत्येक पेशंटला पहिल्याच दिवशी सांगते, घाबरवायला नाही, तर त्या सातांत बसायचं ठरवूनच या म्हणून. पैशाचंही तसंच, बाटली किती दिवस पुरते ते विचारा, महिन्याचा खर्च काढा आणि ३६ ने गुणा, मग घरात बोला. बहुतेक मेडिक्लेम ओपीडीचा खर्च देत नाहीत.

रोज घ्यायची आठवण कशी ठेवायची यावर माझी एक युक्ती आहे, ती चालते. थेंबांची बाटली फ्रिजच्या दारात, दूध काढताना हाताला लागेल अशी. सकाळी चहाचं आधण ठेवलं की थेंब जिभेखाली, दोन मिनिटं तोंड बंद, बोलायचं नाही, मग गिळायचं, आणि त्यानंतर पाच मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही, तेवढ्यात चहा उकळून गाळून होतो. एक काका म्हणाले, ही दोन मिनिटं घरात सगळ्यात शांततेची असतात, बायकोही खूश. गोळी असेल तर फ्रिज लागत नाही, फक्त हात कोरडा हवा, ओल्या बोटाने धरली की तिथेच विरघळते. घेतल्या घेतल्या जिम किंवा पळायला जाऊ नका. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही. आठवड्याहून जास्त खंड पडला तर आपल्या मनाने सुरू न करता विचारा.

साइड इफेक्ट. बहुतेकांना पहिले काही दिवस जिभेखाली खाज, ओठ किंचित सुजल्यासारखे, कानात आतून खाज, घसा खवखवणं हे होतं, अर्ध्या-एक तासात जातं आणि दोन-तीन आठवड्यांनी होईनासं होतं. याला घाबरून सोडू नका. पहिला डोस मात्र दवाखान्यातच, अर्धा तास बसून. अंगभर रिअॅक्शन फार क्वचित होते पण शून्य नाही, म्हणूनच अमेरिकेत या गोळ्यांबरोबर ॲड्रेनलिनचं पेन लिहून देतात. आपल्याकडे ती पेनं सहज मिळत नाहीत, म्हणून माझा पहिल्या डोसबद्दलचा हट्ट जास्त. कुरिअरने बाटली आली आणि घरी पहिला थेंब घेतला, असं करू नका.

कुणाला द्यायचं नाही तेही महत्त्वाचं. दमा असेल आणि आटोक्यात नसेल तर आधी दमा नीट करायचा, फुंकणीची टेस्ट केल्याशिवाय मी सुरू करत नाही. घास गिळताना अडकतो, इओसिनोफिलिक इसोफेजायटिस (अन्ननलिकेची ॲलर्जीतून येणारी सूज) सांगितलंय, तर नाही. बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयासाठीची एक प्रकारची गोळी) चालू असेल तर आधी फिजिशियनशी बोलायचं. दात काढला, तोंड आलंय, जखम आहे, तर भरेपर्यंत साधारण आठवडा थांबायचं.

मुलांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण घरात मुलं असणारे वाचत असतील म्हणून. ५ ते १२ वर्षांच्या ८१२ मुलांवर युरोपात पाच वर्षांचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये आला. गवताच्या गोळीने दमा सुरू होणंच लांबतं का हा मूळ प्रश्न होता, ते सिद्ध झालं नाही, पण दम्याची लक्षणं आणि दम्याची औषधं लागणं हे त्या मुलांत कमी दिसलं. ज्या मुलाला नाकाबरोबर छातीत घरघर सुरू होतेय त्याच्या आईबाबांशी मी हे जरूर बोलते.

गाद्या-उश्यांबद्दल सगळे विचारतात. चादरी, उश्यांचे अभ्रे आठवड्याला ६० अंशाच्या पाण्यात, ओली भिंत दुरुस्त, गाद्यांना ऊन. पण माइट अडवणारी महाग कव्हरं घालून नाकाचा त्रास जातो असं कुणी विकत असेल तर थांबा, नेदरलँड्समध्येच २००३ ला हे तपासलं होतं, खरी कव्हरं आणि साधी कव्हरं, माइट कमी झाले पण पेशंटच्या त्रासात फरक नाही. बाकी उपायांच्या जोडीला ठीक, एकट्याने काही होत नाही.

आता बाळाचा मुद्दा. गरोदर असताना इम्युनोथेरपी नव्याने सुरू करत नाहीत, कारण सुरुवातीलाच रिअॅक्शनची शक्यता जास्त असते आणि आईला मोठी रिअॅक्शन आली तर बाळाचा ऑक्सिजन कमी पडू शकतो. पण आधीपासून चालू आहे, सोसतंय, फायदा होतोय आणि मग दिवस गेले, तर डॉक्टरशी बोलून चालू ठेवता येतं. म्हणून तुमच्याकडे वर्ष असेल तर दोन रस्ते आहेत. निदान पक्कं करून लवकर सुरू करायचं आणि सुरुवातीचे महिने व्यवस्थित पार पडले की मगच बाळाचा विचार, किंवा आत्ता फक्त स्प्रे, बाळंतपण, अंगावरचं दूध हे सगळं होऊ दे आणि मग निवांत तीन वर्षं. माझ्या पेशंटला मी बहुतेक दुसरा सुचवते, कारण घरात लहान बाळ आलं की पहिल्या वर्षी आईचा चहासुद्धा गार होतो, रोजचे थेंब तर पहिले विसरले जातात. पण त्रास खूप असेल तर पहिला रस्ताही चूक नाही.

तोवर ही बाटली सुरू करू नका, फोडली नसेल तर परत करता येते का बघा. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांनाच आधी जाऊन विचारा, भांडायला नाही, सरळ विचारा की या अकरांपैकी माझ्या त्रासाशी कोणता जुळतो, आणि त्या एकाचं किती प्रोटीन रोज जाणार आहे. चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही. प्रिक टेस्ट करायची ठरली तर लेव्होसेट्रिझिन सात दिवस आधी बंद करावं लागेल, सर्दीचं कुठलंही दुकानातलं औषध पण नको, त्यातही असतंच काहीतरी, नाहीतर हात सपाटच राहणार. नाकातला स्टेरॉइड स्प्रे मात्र चालू ठेवता येतो. ते सात दिवस जड जातील, ऑफिसात सांगून ठेवा, रुमाल जास्त ठेवा, आणि छातीत घरघर वाटली तर टेस्ट पुढे ढकला. टेस्टच्या दिवशी हाताला क्रीम नको, बाही कोपराच्या वर सहज जाईल असा ड्रेस घाला, आणि ती शिंकांची वही न विसरता घेऊन जा.